इंग्रजीचे चातुर्वर्ण्य आणि उन्हाळी शिबिराचा मास्तर

इंग्रजी कोणाच्या बापाची नाही, हे वाक्य आमच्या सभांमध्ये हमखास टाळ्या घेते. वाक्य खरे आहे, पण अर्धेच. कोर्टात, विद्यापीठात, संसदेत इंग्रजी कोणाच्या बापाची राहिली नाही, हे बाबासाहेबांनी सिद्ध करून दाखवले. मात्र इंग्रजी शिकवण्याचा जो जागतिक बाजार आज उभा आहे, तिथे ती अजूनही बापाचीच आहे. तुमचा बाप कोणत्या देशात जन्मला, यावर तुम्ही मास्तर होणार की कायम विद्यार्थीच राहणार, हे ठरते. या बाजाराचा एक छोटा, हसरा, रंगीबेरंगी कोपरा म्हणजे युरोपातली मुलांची इंग्रजी उन्हाळी शिबिरे. आज आम्ही त्या कोपऱ्याबद्दल बोलणार आहोत, कारण आमच्या वस्त्यांतले पदवीधर तरुण आता त्या जाहिरातींकडे आशेने बघू लागले आहेत. 'परदेशात जा, प्रशिक्षण घ्या, लहान मुलांना इंग्रजी शिकवा, जग बघा.' स्वप्न वाईट नाही. पण स्वप्न विकणारा कोण, विकत घेणारा कोण आणि दाराशी उभा राहून जात विचारणारा कोण, हे आधी समजून घ्यायला हवे.

इटलीचे उदाहरण घेऊ. तिथे शाळा जूनच्या सुरुवातीला किंवा मध्यावर सुटतात आणि थेट सप्टेंबरात उघडतात. जवळपास तीन महिने मुले घरी. आईबाप दोघेही नोकरीवर. म्हणून गावोगाव शाळेच्या इमारतीत, बागेत, क्रीडांगणावर एक-दोन आठवड्यांची शिबिरे भरतात आणि त्यांतला एक लोकप्रिय प्रकार इंग्रजीचा. दिवसभर फक्त इंग्रजी. गाणी, खेळ, चित्रे, पाण्याचे फुगे, आणि शेवटच्या दिवशी आईबापांसमोर छोटेसे नाटक. शिकवायला येतात ते इंग्लंड, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातले विशी-बाविशीचे तरुण. लिगुरियाच्या किनाऱ्यावरच्या सानरेमोसारख्या गावात त्यांना काही दिवसांचे प्रशिक्षण देतात, मग वेगवेगळ्या शहरांत पाठवतात. राहायला स्थानिक कुटुंबाचे घर, जेवण त्यांच्याच टेबलावर, वर हातखर्चाला पुरेल एवढे मानधन. पदवी पूर्ण झालेली असण्याचीही गरज अनेक ठिकाणी नसते. शिकवण्याचा अनुभव नसला तरी चालतो. मग काय लागते? बहुतेक जाहिरातींत पहिली ओळ तीच असते : इंग्रजी ही तुमची जन्मभाषा हवी.

म्हणजे शिक्षण नसले तरी चालेल, अनुभव नसला तरी चालेल, जन्म मात्र बरोबर हवा. मित्रांनो, ही अट वाचल्यावर तुम्हाला काही आठवत नाही का?

आमच्या देशात हीच अट दोन-अडीच हजार वर्षे चालली. मंत्राचा अर्थ कळो न कळो, उच्चार चुको वा जमो, सांगणारा अमक्या घरात जन्मलेला असला की झाले. आणि ज्याने रात्र रात्र जागून तेच ज्ञान कमावले, त्याला दारातच विचारायचे : 'तू कोणाचा?' गुणवत्तेचा जयघोष करणाऱ्यांनी गुणवत्तेची व्याख्या नेहमी जन्मापाशी आणून सोडली, हा चातुर्वर्ण्याचा गाभा आहे. इंग्रजी शिकवण्याच्या धंद्याने तो संस्कृतातून घेतला नाही, स्वतःच्या वसाहतवादातून घेतला. पण वाण तेच.

हे आम्ही रागाच्या भरात म्हणत नाही, या विद्येचा अभ्यास करणाऱ्यांनीच ते दाखवून दिले आहे. १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांतल्या इंग्रजी अध्यापनावर एक परिषद भरली. युगांडा तेव्हा ब्रिटिशांच्याच ताब्यात होता, स्वातंत्र्य पुढच्या वर्षी आले. त्या परिषदेतून जो विचार पुढे रुळला, तो पाच समजुतींत मांडता येतो. इंग्रजी फक्त इंग्रजीतूनच शिकवावी. आदर्श शिक्षक म्हणजे जिची मातृभाषा इंग्रजी आहे ती व्यक्ती. जितक्या लवकर सुरू कराल तितके चांगले. जितके जास्त शिकवाल तितके चांगले. आणि दुसरी भाषा वर्गात आली की इंग्रजीचा दर्जा घसरतो. रॉबर्ट फिलिप्सन या अभ्यासकाने १९९२ साली आपल्या 'लिंग्विस्टिक इम्पिरिअलिझम' या ग्रंथात या पाचही समजुतींना भ्रम म्हटले आणि त्या कोणाच्या फायद्याच्या आहेत हे उघड केले. आता इटलीतले ते शिबिर पुन्हा डोळ्यांसमोर आणा. फक्त इंग्रजी, जन्माने इंग्रजीभाषक तरुण, पाच-सहा वर्षांची मुले, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि इटालियन बोलायला मनाई. पाचही भ्रम टी-शर्ट घालून नाचताहेत!

ब्रज काचरू या काश्मिरी भाषाशास्त्रज्ञाने १९८५ च्या सुमारास जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळे मांडली. आतल्या वर्तुळात ब्रिटन, अमेरिकेसारखे देश, मधल्यात भारत, नायजेरिया यांच्यासारख्या जुन्या वसाहती, बाहेरच्यात इटली, जपान, चीन. काचरूंचा हेतू भारतीय इंग्रजीला मान मिळवून देण्याचा होता. पण बाजाराने त्या वर्तुळांची उतरंड करून टाकली. आतले वर्तुळ शिकवणार, बाहेरचे शिकणार आणि पैसे देणार, मधल्याने फोन उचलून आतल्यांच्या गिऱ्हाइकांची तक्रार ऐकायची. पुण्या-मुंबईतल्या कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करून अमेरिकन माणसाला इंग्रजीत समजावणारा मुलगा अमेरिकन माणसाला चालतो. तोच मुलगा इटलीतल्या सहा वर्षांच्या पोराला 'स्टँड अप, सिट डाउन' शिकवायला चालत नाही. हे कोडे भाषेने सुटत नाही, जन्मानेच सुटते.

आणि हे फक्त जाहिरातीपुरते नाही. दक्षिण कोरियाने परदेशी इंग्रजी शिक्षकांसाठी जो व्हिसा ठेवला, त्याला मुख्यतः सातच देशांचे नागरिक पात्र धरले : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारतीयांसाठी व्यापार करारातून फट निघाली, पण ती वेगळ्या आणि जास्त कडक अटींची. अमुक देशाच्या पासपोर्टवाल्याला कोणत्याही विषयातली पदवी पुरते, तमुक देशाच्या पासपोर्टवाल्याने इंग्रजीतली पदवी आणि वर शिक्षकाचा परवाना आणायचा. एका कामाला दोन मापे, एका विहिरीला दोन पोहरे.

'पण गुणवत्तेचे काय? ज्याची मातृभाषा इंग्रजी तो चांगलेच शिकवणार ना?' हा प्रश्न आम्हाला विचारला जातोच. उत्तर सरळ आहे. मराठी बोलणारा प्रत्येक माणूस मराठीचा शिक्षक होऊ शकतो का? तुमच्या शेजाऱ्याला विचारा, 'मी गेलो' आणि 'मी खाल्ले' यांत क्रियापद वेगळे का चालते? तो म्हणेल, 'असंच असतं.' जन्माने आलेली भाषा बोलता येते, ती समजावून सांगता येईलच असे नाही. उलट ज्याने ती घाम गाळून शिकली, त्याला शिकणारा कुठे अडखळतो हे ठाऊक असते, कारण तो स्वतः तिथेच अडखळलेला असतो. हंगेरीचे पेतेर मेद्ग्येश यांनी १९९० च्या दशकात नेमकी हीच मांडणी केली : परभाषा म्हणून इंग्रजी शिकलेला शिक्षक विद्यार्थ्यासाठी शिकण्याचा जिवंत नमुना असतो. इंग्रजी शिक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना असलेल्या टीसॉलनेही २००६ साली जन्मभाषेच्या आधारे शिक्षकांमध्ये भेदभाव करण्याला जाहीर विरोध नोंदवला. ठराव झाले, पुस्तके आली, जाहिरातींतली पहिली ओळ मात्र जागची हलली नाही. आमच्याकडे अस्पृश्यता १९५० साली कायद्याने संपली, तसेच हे.

यात इटलीतल्या इंग्रजी शिक्षकांचाही अपमान आहे, हे विसरू नका. तिथल्या शाळेत कायम नोकरी मिळवायला पदवी, पात्रता आणि सरकारी स्पर्धा परीक्षा यांतून जावे लागते. त्या बाईंनी आयुष्यभर शिकवलेल्या मुलांना जुलैमध्ये कुठल्याशा परदेशी गावचा वीस वर्षांचा मुलगा पाच दिवसांच्या तयारीवर 'खरी इंग्रजी' शिकवायला येतो, आणि आईबाप जास्त पैसे मोजतात. त्या मुलाबद्दल आमच्या मनात आकस नाही, तोही बहुधा सुट्टीत चार पैसे आणि चार अनुभव मिळवायला आलेला असतो. प्रश्न त्याचा नाही, प्रश्न त्याच्या जन्माची किंमत लावणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

आता या चित्राची दुसरी बाजू बघा, कारण ती दाखवल्याशिवाय आमचे म्हणणे पुरे होत नाही. इटलीला भारतीय माणूस नको आहे असे अजिबात नाही. इटलीच्या शेतांत आणि गोठ्यांत हजारो भारतीय, विशेषतः पंजाबी मजूर राबतात. रोमच्या दक्षिणेकडच्या लातिना परिसरातल्या शेतमळ्यांवर त्यांच्याशिवाय पीक उभे राहत नाही. तिथेच जून २०२४ मध्ये सतनाम सिंग या ३१ वर्षांच्या मजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. मालकाने त्याला दवाखान्यात नेले नाही, घराजवळ टाकून दिले, तुटलेला हात फळांच्या खोक्यात ठेवला. दोन दिवसांनी तो रोमच्या दवाखान्यात मेला. त्याच वर्षी जुलैत व्हेरोना भागात पोलिसांनी ३३ भारतीय शेतमजुरांची गुलामीसारख्या स्थितीतून सुटका केली. हंगामी कामाच्या परवान्यासाठी त्यांच्याकडून प्रत्येकी १७ हजार युरो उकळण्यात आले होते.

म्हणजे भारतीय माणसाचे हात चालतात, जीभ चालत नाही. उन्हाळा तोच, देश तोच. एकाला कुटुंबाच्या टेबलावर जेवण आणि शेवटच्या दिवशी टाळ्या, दुसऱ्याला शेडमधली पथारी. श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला फरक बाबासाहेबांनी आपल्याला 'जातिप्रथेचे उच्चाटन'मध्ये शिकवला. तो फरक फक्त नागपूर-सोलापूरच्या रस्त्यांवर लागू होतो असे समजू नका. लातिनाच्या मळ्यात आणि सानरेमोच्या प्रशिक्षण वर्गात तोच फरक उभा आहे.

मग आमचे म्हणणे काय? या शिबिरांकडे पाठ फिरवा? नाही. इथेच आमच्या चळवळीतल्या काही ज्येष्ठांशी आमचा मतभेद आहे. ते म्हणतात, 'बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते अर्थशास्त्र शिकायला. तुम्ही परदेशात जाऊन पोरांना बडबडगीते शिकवण्याची स्वप्ने बघता?' या बोलण्यात एक जुना रोग लपला आहे. लहान मुलांना शिकवणे हे हलके काम आणि प्रौढांसमोर व्याख्यान देणे हे भारी काम, ही उतरंड कोणी शिकवली? सावित्रीमाईंनी १८४८ साली भिडेवाड्यात जे सुरू केले ते पीएच.डी.चे वर्ग नव्हते, ते लहान मुलींचे अक्षर गिरवणे होते. आणि माई तशाच वर्गात उभ्या राहिल्या नाहीत. त्यांनी अहमदनगरला मिशनरी फॅरारबाईंकडे आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले. स्वदेशात ब्राह्मणी पंतोजींनी जे दार बंद ठेवले होते, ते प्रशिक्षण त्यांनी परक्यांकडून घेतले आणि आपल्या मुलींसाठी वापरले. १८५४ च्या 'काव्यफुले'त त्यांनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह कवितेतून धरला. ज्यांना मुलांना शिकवणे क्षुद्र वाटते त्यांनी माईंची जयंती साजरी करू नये.

जोतीरावांचेही ऐका. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी उच्च शिक्षणावर उधळणाऱ्या सरकारला प्राथमिक शिक्षणाकडे वळवण्याचा प्रयत्न केला. त्यांची एक मागणी अशी होती की प्राथमिक शाळांचे मास्तर प्रशिक्षित असावेत आणि शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, कारण ते मुलांमध्ये मिसळतील, त्यांच्या गरजा त्यांना कळतील. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मास्तराला महिना बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको, हेही त्यांनी सांगितले. नीट बघा : प्रशिक्षण, आपल्यातला मास्तर आणि त्याच्या कष्टाचा रास्त मोबदला. उन्हाळी शिबिराच्या प्रश्नाचे उत्तर जोतीरावांनी त्या तीन अटींत देऊन ठेवले आहे.

म्हणून शिबिराच्या दारावरची पाटी आणि दाराआडची विद्या या दोन गोष्टी वेगळ्या करा. पाटी सडकी आहे. विद्या मात्र कामाची आहे. काही दिवसांच्या त्या प्रशिक्षणात काय शिकवतात? मुलाला बाकावर न बसवता भाषा अंगात कशी मुरवायची, हे शिकवतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी १९६० च्या दशकात एक पद्धत मांडली : आधी आज्ञा ऐकायची, शरीराने करायची, बोलण्याची सक्ती नंतर. 'जंप' म्हटले की उडी मारायची, 'टच द डोअर' म्हटले की दार शिवायचे. मूल चुकले तर हसे होत नाही, खेळ पुढे जातो. चित्रांची पत्ते, तालावरची गाणी, छोटी नाटके, पन्नास मुलांचा गोंधळ हाताळण्याच्या युक्त्या, एका खेळातून दुसऱ्यात कसे जायचे, लाजाळू मुलाला पुढे कसे आणायचे, ही सगळी हत्यारे आहेत. ती कोणाच्या रक्तात नसतात, पाच दिवसांत शिकता येतात. बाजाराला हे माहीत आहे, म्हणूनच तो विशीतल्या नवख्यांना पाच दिवसांत उभे करतो. मग आमच्या विशीतल्या तरुणाला का नाही?

आमच्या पोरांना इंग्रजीची भीती कुठे बसते, ते सगळ्यांना माहीत आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आहे. पंचवीस वर्षे झाली. तरी दहावी पास झालेले पोर मुलाखतीत 'माय नेम इज'च्या पुढे घामाघूम होते. कारण त्याला इंग्रजी शिकवली नाही, त्याच्याकडून घोकून घेतली. चुकले की छडी, उच्चार फसला की वर्गात हशा, आणि त्या हशात जातीचा वास. मग वयाच्या विसाव्या वर्षी ते 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'च्या क्लासला पैसे भरते. ही भीती काढायची असेल तर ती जिथे बसते त्या वयातच काढली पाहिजे, आणि हसत-खेळत काढली पाहिजे.

इथे इटलीतलीच एक दुसरी गोष्ट आम्हाला तुमच्यापुढे ठेवायची आहे, कारण तो देश फक्त पैशाच्या शिबिरांचा नाही. तोस्कानातल्या डोंगरात बार्बियाना नावाची वस्ती आहे. तिथे लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूने १९५० च्या दशकात शेतकऱ्यांच्या, मेंढपाळांच्या, सरकारी शाळेने नापास करून हाकललेल्या मुलांसाठी शाळा चालवली. मोठी मुले लहानांना शिकवत. सुट्टी जवळपास नव्हतीच, कारण सुट्टीत डॉक्टरचा मुलगा पुढे जातो आणि शेतमजुराचा मुलगा विसरतो, हे त्यांना कळले होते. १९६७ साली तिथल्या आठ मुलांनी मिळून शाळेवर आरोपपत्र ठेवणारे एक पुस्तक लिहिले. 'लेत्तेरा आ उना प्रोफेस्सोरेस्सा', म्हणजे एका शिक्षिकेला पत्र. पुस्तक जगभर अनेक भाषांत गेले. त्यातला मुद्दा आमच्या ओळखीचा आहे : ज्याच्या घरात पुस्तके आहेत त्यालाच शाळा हुशार ठरवते आणि त्याला गुणवत्ता म्हणते. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्या खेडवळ मुलांना मिलानी उन्हाळ्यात इंग्लंड, जर्मनी, फ्रान्सला पाठवत. तिथे कष्टाची कामे करा, भाषा शिका, परत या आणि इतरांना शिकवा. माणसे समान होतात ती भाषेने, असे ते मानत.

परदेशी जाण्याचा हाच अर्थ आम्हाला मान्य आहे. जा, शिका, परत या, शिकवा. बाबासाहेबही परत आले. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले तेव्हा तिथल्या सहकाऱ्यांनी त्यांच्या पाणी पिण्यावर हरकत घेतली. कोलंबियाची पदवीही त्या माठापुढे चालली नाही. ते थांबले नाहीत. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज, १९५० साली औरंगाबादला मिलिंद. बाहेरून आणलेली विद्या त्यांनी समाजाच्या नावावर जमा केली.

काही मित्र इंग्रजीची देवी उभारण्याच्या वाटेने गेले. उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरी जिल्ह्यातल्या बांका गावी २०१० साली इंग्रजीच्या देवीच्या मंदिराचे काम सुरू झाले. त्यांची तळमळ आम्हाला समजते, इंग्रजी ही मुक्तीची वाट आहे हे त्यांचे म्हणणेही खोटे नाही. पण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला नव्या देवीची गरज काय? देवीपुढे हात जोडून व्याकरण येत नाही. आम्हाला इंग्रजीची देवी नको, इंग्रजीचा मास्तर हवा. तो आमच्या वस्तीतला हवा, प्रशिक्षित हवा आणि त्याला मानधन हवे.

मग करायचे काय? आमच्या तीन मागण्या आहेत, एक सरकारकडे, एक समाजाकडे, एक तुमच्याकडे.

सरकारकडे मागणी अशी. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी सरकारी पैसा मिळावा, ही लढाई बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना लढली. १९५४-५५ पासून केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, आज तिच्या १२५ जागा आहेत. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती ७५ जागांची आहे. दोन्ही पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी. त्या हव्यातच, त्यांच्या जागा वाढल्याच पाहिजेत, आणि २०२२ साली केंद्राने भारतीय संस्कृती, इतिहास, समाज या विषयांवरच्या अभ्यासाला दार बंद केले तो निर्णयही मागे घेतलाच पाहिजे. पण जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवणाऱ्या आमच्या बहिणीला, डी.एड. करून बेकार बसलेल्या भावाला चार-सहा आठवड्यांचे अध्यापन प्रशिक्षण परदेशात घ्यायचे असेल तर त्याला या योजनांत जागा नाही. बार्टी आणि समाजकल्याण विभागाने अशा अल्प मुदतीच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र योजना आणावी. आणि परराष्ट्र पातळीवर जिथे जिथे शिक्षकांच्या भरतीत जन्मभाषेची अट आहे, तिथे भारत सरकारने ती भेदभाव म्हणून उपस्थित करावी. मजूर पाठवण्याचे करार होतात, मग शिक्षक पाठवण्याचे का नाहीत?

समाजाकडे मागणी अशी. बौद्ध महासभेची श्रामणेर शिबिरे, विहारांतली बालसंस्कार शिबिरे दर उन्हाळ्यात भरतात. जागा आहे, मुले आहेत, जेवण रांधणाऱ्या माउल्या आहेत, वर्गणी देणारे नोकरदार आहेत. युरोपाने शिबिराचा सांगाडा पैशाने उभा केला, आमच्याकडे तो श्रद्धेने आणि कष्टाने उभा आहेच. सकाळी वंदना, दुपारी दोन तास खेळातून इंग्रजी. मात्र मकेरेरेची नक्कल नको. आमच्या शिबिरात मराठीला मनाई नसेल. मूल आधी मराठीत समजेल, मग इंग्रजीत उडी मारेल. भीमजयंतीच्या नाटकाचा एक प्रवेश इंग्रजीत बसवा आणि आईबापांना पहिल्या रांगेत बसवा. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात एका वस्तीचे पंधरा दिवसांचे शिबिर निघते. हिशेब करून बघा.

आणि तुमच्याकडे, तरुण मित्रांनो. परदेशी प्रशिक्षणाच्या जाहिरातीला पैसे भरण्याआधी चार प्रश्न लेखी विचारा. भारतीय पासपोर्टवर हे काम मिळते का? कामाचा व्हिसा कोण काढून देणार? कारण पर्यटनाच्या शेंगेन व्हिसावर काम करता येत नाही. प्रमाणपत्र कोण देते आणि त्यात प्रत्यक्ष मुलांपुढे शिकवण्याचा सराव किती तासांचा आहे? आणि नोकरी मिळाली नाही तर पैसे परत मिळतात का? आईचे मंगळसूत्र गहाण टाकून १२० तासांचे ऑनलाइन प्रमाणपत्र विकत घेऊ नका. कागद जन्माची अट फोडत नाही. ती अट संघटनेने, कायद्याने आणि जाहीर बोलण्याने फुटते. दार उघडे असेल तर नक्की जा, ताठ मानेने जा, आणि तिथल्या मुलांना सांगा की इंग्रजीचा हाही एक आवाज आहे. दार बंद असेल तर ते बंद आहे हे नावानिशी, पुराव्यानिशी लिहा.

शेवटी मराठीच्या नावाने आमच्यावर डोळे वटारणाऱ्यांसाठी दोन शब्द. मराठी आमची आहे, दलित साहित्याने ती श्रीमंत केली आहे, तिच्यावरच्या प्रेमाचे प्रमाणपत्र आम्हाला कोणाकडून नको. पण ज्यांची नातवंडे कॉन्व्हेंटमध्ये शिकतात त्यांनी आमच्या पोरांना मातृभाषेचे माहात्म्य सांगत बसू नये. मराठीवर प्रेम करा आणि इंग्रजी आम्हाला द्या, असा हा सौदा नाही. दोन्ही आम्हाला हव्यात, पूर्ण हव्यात.

जन्माने मास्तर होण्याचे दिवस फुल्यांनी या मातीत संपवायला घेतले. ते काम जगाच्या बाजारात अजून बाकी आहे. येत्या मे महिन्यात तुमच्या विहारात किमान वीस मुले आणि दोन प्रशिक्षित तरुण एवढे जरी उभे राहिले, तरी कामाला सुरुवात झाली असे आम्ही समजू.

जय भीम!